पायाळू बाईची कंबर

मी पायाळू आहे. म्हणजे जन्माला येताना माझं डोकं आधी आलं नाही, पाय आधी आले. आमच्याकडे अशा माणसाबद्दल दोन गोष्टी सांगतात. एक, त्याच्यावर वीज पडते. दुसरी, कमरेत उसण भरलेल्या माणसाच्या पाठीला त्याने पाय लावला की उसण उतरते. वीज माझ्यावर अजून पडलेली नाही. दुसऱ्या गोष्टीबद्दल मात्र मला काही सांगायचं आहे, आणि ते सांगताना थोडा संकोच वाटतो, कारण गेली सत्तावीस वर्षं मी औषधांचं दुकान चालवते.

माझं माहेर आचऱ्याचं. लहानपणी अधूनमधून आई मला सकाळी तोंड धुवायच्या आत उठवायची आणि पडवीत आणायची. तिथे चटईवर कोणीतरी पालथं झोपलेलं असायचं. मी बोलायचं नाही, त्याने वळून बघायचं नाही. उजवा पाय त्याच्या कमरेवर टेकवायचा आणि उचलायचा, असं तीनदा. भार द्यायचा नाही, हे आई दरवेळी बजावायची. मग तो माणूस भिंतीचा आधार घेत उठायचा आणि मागे न बघता खळ्यातून, म्हणजे पुढच्या अंगणातून, निघून जायचा. त्यामुळे आमच्या वाडीतली कितीतरी माणसं मला पाठीवरूनच माहीत होती. बाजारात समोरून आली तर ओळखू यायची नाहीत; पुढे जाऊन वळली की कळायचं, हा तो.

मी नऊ वर्षांची असताना एक मच्छीमार आला. रुंद पाठ, आणि कातडीला मिठाचा वास. पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा काही नाही. दुसऱ्यांदा ठेवला आणि मी बोलू नये ते बोलले.

"आये, खाली कोणतरी आसा."

"खंय?"

"हेंच्या पाठीत. माझ्या पायाक पाय लायता."

तो माणूस तिसऱ्यांदा पाय लागायच्या आत उठला आणि गेला. त्याचं पुढे काय झालं हे मी कधी विचारलं नाही. आई मला रागावली नाही, ओरडलीही नाही. तिने माझा उजवा पाय हातात धरून तळवा बराच वेळ बघितला, मग कळशीभर पाणी ओतून धुतला. दुसऱ्या दिवसापासून जो कोणी येई त्याला ती दारातूनच सांगायची, "चेडू आता मोठा झाला, आता चलाचा नाय." मी नऊ वर्षांची होते.

पुढे मी औषधनिर्माणशास्त्र शिकले, लग्न होऊन मालवणच्या बाजूला आले, गावच्या बाजारात दुकान घातलं. नवरा शाळेत शिक्षक. सासरी माझं पायाळूपण माझ्या आधी पोचलं होतं, पण मी कोणालाही पाय लावणार नाही असं पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं, आणि सासूबाईंनी ते ऐकलं. कंबरदुखीचे लोक दुकानात भरपूर येतात. होडीवाले, लावणीच्या दिवसांतल्या बायका, दिवसभर गाडी चालवणारे. चिठ्ठी असेल तर मी गोळ्या देते, नसेल तर डॉक्टरकडे पाठवते. माझ्या मते हेच माझं पाय लावणं होतं, आणि ते पुरेसं होतं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर माझीच कंबर धरली. जड काही उचललं नव्हतं. खालच्या फळीवरची खोकल्याच्या औषधाची बाटली काढायला वाकले आणि वर येताच येईना. कोणीतरी कमरेत खुंटी ठोकावी तसं झालं. गिऱ्हाईक काउंटरपलीकडे उभं होतं, मी अर्धी वाकलेली, आणि माझ्या नजरेसमोर फक्त त्याच्या चपला.

डॉक्टरांनी आधी नेहमीच्या गोळ्या दिल्या: एक दुखण्यावर, एक स्नायू सैल करायला, एक पित्ताची. दहा दिवसांनी फरक नाही म्हटल्यावर नसांवरची गोळी वाढवली. ती मी स्वतः शेकडो लोकांना दिली आहे आणि देताना सांगितलं आहे, गरगरेल थोडं, गाडी चालवू नका. मला गरगरलं नाही. दुखणंही खरोखर कमी झालं. पण गोळी लागू पडल्यावर, साधारण दुपारी चारच्या सुमारास, मी दुकानातून मागच्या खोलीत जायला लागले की माझी पावलं मला उशिरा ऐकू यायची. मी थांबले की एक पाऊल आणखी पडायचं. पहिल्यांदा वाटलं मागून कोणी आलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळलं की ते माझंच आहे. फरशीवर, माझ्याच चपलेचं. डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, औषधाने असं होतं कधीकधी, मात्रा कमी करू. मात्रा कमी केली, पाऊल बंद झालं आणि दुखणं परत आलं.

मग कुडाळच्या एका फिजिओथेरपिस्टकडे जाऊ लागले. घाटावरची मुलगी, तिशीची, इकडे लग्न करून आलेली. तिचे हात चांगले होते. चोळणं नाही, तेल नाही. अंगठ्याने एकेक स्नायू शोधायची, दाबून धरायची, सोडायची. सोबत व्यायाम दिले, ते मी नेमाने करत होते. आठवड्यातून दोनदा गेले की दोन दिवस बरे जायचे, तिसऱ्या दिवशी पुन्हा खुंटी. एक गोष्ट मात्र दरवेळी व्हायची. तिचा हात कमरेच्या उजव्या बाजूला एका जागी आला की थांबायचा.

एकदा मी विचारलं, "इथे काय आहे?"

"काहीच नाही, ताई," ती म्हणाली. "तेच कळत नाही. बाकी सगळीकडे स्नायू ताठलेत. इथे हाताला काही लागतच नाही. आणि गार आहे."

तिने मग तिथे शेकायची पिशवी ठेवली. पिशवी गार झाली, एवढंच.

सासूबाई हे सगळं बघत होत्या. एक दिवस त्या पेज वाढता वाढता म्हणाल्या, "गोळये झाले, दाबून झाला. पायाळू माणसाक पायाळू माणूसच व्हयो."

मी पेजेत मीठ कालवलं.

"वालावलीक एक म्हातारी आसा. माझ्या म्हायेरची माणसा जायत तिच्याकडे. तुका आवडाचा नाय, म्हायत आसा माका. पण बघून ये."

मी पंधरा दिवस टाळलं. मग एका सकाळी मला स्वतःच्या पायात चप्पल घालता आली नाही, नवऱ्याने घातली, आणि त्याच दिवशी, सोमवारी दुपारी, आम्ही वालावलला गेलो.

लक्ष्मीनारायणाच्या देवळाशेजारचं तळं त्या दिवशी इतकं स्थिर होतं की देऊळ पाण्यात वरच्यापेक्षा स्पष्ट दिसत होतं. म्हातारीचं घर त्यापुढे, माडांच्या आत. तिच्या चुलत पुतण्याची बायको तिला सांभाळायची, ती शेतावर गेली होती. पुरुषांनी आत यायचं नाही म्हणून नवरा बाहेर थांबला. मी पडवीच्या पायरीवर पाय ठेवला तोच आतून आवाज आला, "ये गो. तूय पायाळूच मां?"

ऐंशीच्या पुढची बाई. अंगाने एवढीशी, डोळे अधू. तिला माझ्याबद्दल कोणी कळवलं होतं का, हे मी नंतर सासूबाईंना विचारलं. नाही म्हणाल्या.

मी चटईवर पालथी झाले. तिने भिंत धरून पाय लावला. पहिल्यांदा तो पाय सुक्या पानासारखा हलका लागला. दुसऱ्यांदा गार. तिसऱ्यांदा तिने तो जरा वेळ ठेवला आणि उचलला. उचललेला मला कळला. जमिनीवर टेकल्याचा आवाजही आला. तिचे दोन्ही पाय माझ्या डोळ्यांसमोर, चटईच्या कडेला होते. तरीही माझ्या कमरेवर पाय होता. टाच, चवडा, पाचही बोटं मला मोजता आली असती. मग तोही हळूहळू उठला आणि गेला.

मी उठून बसले. रडू का येत होतं कळेना.

"आता माका," म्हातारी म्हणाली. तिने लुगडं सावरलं आणि माझ्या जागेवर पालथी झाली. "धा वर्सां वाट बघतंय, कोण पायाळू मेळता काय. लोकांका मी आसय. माका कोण?"

मी म्हटलं, मी हे सोडून दिलंय. ती म्हणाली, "सोडूक ता काय लुगडा आसा?"

मला नाही म्हणता आलं नाही. तिने आत्ताच माझ्यासाठी जे केलं होतं तेच ती मागत होती. मी चप्पल बाजूला केली आणि उजवा पाय तिच्या कमरेवर टेकवला. चोळीच्या खालची हाडं एकेक लागत होती. काही झालं नाही. उचलला. दुसऱ्यांदा ठेवला.

खालून पाय लागला.

नऊ वर्षांची होते तेव्हा जे लागलं होतं तेच, पण आता मी बावन्न वर्षांची होते आणि शरीरात काय काय असतं हे शिकलेली होते. तळव्याला तळवा. टाचेला टाच. माझ्यापेक्षा थोडा मोठा पाय, आणि तो वर रेटत होता, जोरात नाही, पाण्यात उभं राहिल्यावर पाणी रेटतं तसा. मी पाय मागे घेतला. निदान मला तसंच आठवतं. म्हातारीच्या तोंडून "हं" असा बारीक आवाज आला.

"लागलो मां?" तिने जमिनीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

मी भिंतीपर्यंत मागे सरले.

"भियां नको. तिसऱ्यान ठेव."

मला ते जमलं नाही. मी चप्पल हातात घेतली आणि अनवाणी बाहेर आले. नवरा तळ्याच्या कडेला पाण्याकडे बघत उभा होता. झालं का, असं त्याने विचारलं. झालं, मी म्हटलं, चल. गाडीवर बसेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं की मी धावत आले होते.

दुसऱ्या दिवशी दुखणं नव्हतं. त्या आठवड्यात फिजिओथेरपिस्टने मला वाकायला लावलं, झुकायला लावलं आणि खूष झाली. "दोन-अडीच महिने झाले, ताई. बहुतेकांचं एवढ्यात उतरतंच, आणि तुम्ही व्यायाम मनापासून केलेत." ती गार जागा तिला आता सापडत नव्हती. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी सूज उतरली, आता बंद करा. दोघांचंही म्हणणं बरोबर असू शकतं. एखाद्या गिऱ्हाइकाने हीच हकीकत मला सांगितली असती तर मीही तेच म्हटलं असतं. तिसरं कारण मी कोणाला सांगितलं नाही.

आठव्या दिवशी दुकानात एक बाई आली. चिठ्ठी नव्हती. "कंबरदुखीची गोळी द्या. घरात म्हातारी आसा. गेल्या सोमवारपासून उठाकच नाय."

"कुठून आलात?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

"वालावलीसून. भैणीकडे इल्लय हय. तुमचा दुकान दिसला."

ही पुतण्याची बायको; ती मला ओळखत नव्हती, त्या दिवशी ती शेतावर होती. मी गोळी दिली नाही. म्हटलं, एवढ्या वयात अचानक उठता येत नसेल तर आधी फोटो काढायला हवा. आणि मग, तिला आश्चर्य वाटलं तरी, मी दुकान बंद केलं आणि गाडी ठरवून तिच्याबरोबर निघाले.

एक्स-रे कुडाळला काढला. कमरेचा एक मणका चेपला होता, पायाखाली आलेल्या काडेपेटीसारखा. डॉक्टरांनी म्हातारीला विचारलं, "आजी, पडला होता का कुठे?"

"नाय."

"कोणी कंबर दाबली, चोळली?"

म्हातारीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिला नीट दिसत नव्हतं, तरी बघितलं. "नाय," ती म्हणाली.

डॉक्टर मला म्हणाले, या वयात हाडं इतकी ठिसूळ असतात की शिंकेनेही मणका जातो. कधी मोडला ते नेमकं सांगता यायचं नाही, जुनाही असेल. मी मान हलवली. पण मला फक्त एकच गोष्ट आठवायची होती आणि ती आठवत नव्हती: त्या दुसऱ्या वेळी, खालून तो पाय रेटला तेव्हा, मी पाय उचलला की आधी दाबला? भीतीने माणूस मागे होताना आधी पायावर जोर देतो. कोणीही देतो.

संध्याकाळी मी फिजिओथेरपिस्टकडे गेले आणि तिला सगळं सांगितलं. खालच्या पायाचं सोडून. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "भार दिलात?"

"माहीत नाही."

"ताई, तुम्ही औषधवाल्या आहात," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण तिचे कान लाल झाले होते. "माझ्याकडे अशी आजी आली तर मी फोटो बघितल्याशिवाय बोटसुद्धा लावत नाही."

मग ती म्हणाली, पट्टा मी सांगते तो घ्या, आणि महिना-दीड महिना कोणीही तिच्या पाठीला हात लावायचा नाही. नंतर मी येईन.

ती खरंच आली. शब्दाची पक्की मुलगी. रविवारी दुपारी यायची आणि म्हातारीला कुशीवर कसं वळायचं, हाताचा रेटा देऊन कसं बसायचं हे शिकवायची. मी दर आठवड्याला गोळ्या घेऊन जायचे, दुखण्याच्या, हाडांच्या, आणि समोर बसून खायला लावायचे. म्हातारीने एकदाही मला बोल लावला नाही. त्यामुळे तिच्यासमोर बसणं आणखी कठीण जायचं.

गोळ्यांबद्दल तिचं मत वेगळंच होतं. "गोळी खाल्लय की दुखणा उठान खळ्यात जावन बसता," ती म्हणायची. "जायत खंय? थयसून वाट बघता." फिजिओथेरपिस्टचे हात तिला आवडले. पण तक्रार होती. "हात बरे आसत चेडवाचे. पण सारक्या विचारता, हय दुखता काय, थय दुखता काय. दुखण्याक असा नावान हाक मारूची नसता."

एके दिवशी घरात आम्ही दोघीच होतो. मी धीर करून विचारलं, "कोण होता तो, खालून पाय लावणारा?"

बाहेर कोणीतरी माडाचं झाप ओढत नेत होतं, त्याचा आवाज लांब जाईपर्यंत ती थांबली.

"म्हायत नाय," ती म्हणाली. "कोणाच्या तरी पाठीसून इलो असात. मी घेतलंय सगळ्यांचा, खंयतरी ऱ्हवाक व्हया मां ता."

"माझ्या पाठीतही होता का?"

"होतो. पण तो येगळो. बारको. चेडवाचो पाय." तिने हाताने साधारण माप दाखवलं, नऊ-दहा वर्षांच्या मुलीचं. "तो गेलो आता. पेज जाली काय बघ वायच."

मी उठून चुलीकडे गेले. पेज झाली होती. वाढताना मी वाटी दोन्ही हातांनी धरली.

फाल्गुनाच्या अखेरीस ती काठीने चालू लागली. पाडव्याला देवळापर्यंत गेली, मी मागे होते. फिजिओथेरपिस्ट म्हणाली की मणका त्याच जागी सांधला, यापेक्षा जास्त अपेक्षा करू नये. तिसऱ्यांदा पाय लावण्याबद्दल म्हातारीने पुन्हा काढलं नाही. मीही नाही. मनात आलं नाही असा एकही आठवडा गेला नाही. पण पट्ट्याखालची ती पाठ बघितली की माझा पाय जमिनीवरून हलायचा नाही. अजूनही तसंच आहे. माझ्या पायाने तिच्या कमरेत काही आणलं की तिथून काही नेलं, हे मला ठरवता येत नाही.

गेल्या वैशाखात मी काही गोळ्या पोचवायला फिजिओथेरपिस्टच्या दवाखान्यात गेले. दुपारचे पेशंट संपले होते. ती टेबलाला धरून उभी होती, ओठ दाबून. दिवसभर लोकांच्या पाठीवर वाकून तिची स्वतःची कंबर गेली होती.

"ताई, जरा हात लावता का?" ती म्हणाली.

"पाय लावणार नाही मी."

"पाय कोण मागतंय? हात लावा. मी सांगते तसं."

ती टेबलावर पालथी झाली. मी तिच्याच पद्धतीने अंगठा ठेवला. ती सांगत होती, कण्यावर नको, बाजूला. श्वास सोडला की दाबा. आता धरून ठेवा. कोवळी, गरम पाठ होती. अंगठ्याखाली ताठलेला स्नायू लागला, मी तो धरून ठेवला, आणि हळूहळू तो सैल होताना मला कळला. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाच्या पाठीला काहीतरी समजून करत होते, आणि मला त्याचा आनंद झाला.

मग ती म्हणाली, "ताई, तुमचे पाय खाली आहेत ना?"

"आहेत," मी म्हटलं, आणि तरी खाली वाकून बघितलं. दोन्ही फरशीवर होते, चपलांमध्ये.

तिने हात मागे नेऊन कमरेवरची एक जागा चाचपली. थोड्या वेळाने उठून बसली, केस बांधले आणि मी आणलेल्या गोळ्यांच्या पिशवीत हात घालून एक पट्टी काढली.

"उपाशीपोटी चालेल?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "आधी चार घास खाऊन घे."